चाकाचे माप, माणसाचे माप

वस्तूला स्वतःचे असे एक योग्य माप असते काय, आणि असल्यास ते ठरविण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न विचारवंतांनी आत्मा, विश्व आणि राज्यसंस्था यांसारख्या थोर विषयांच्या निमित्ताने पुष्कळदा उपस्थित केलेला आहे; परंतु मोटारीच्या चाकाला कोणत्या मापाचा टायर बसवावा, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या व्यवहारात तो जितक्या निर्भेळ स्वरूपात समोर येतो तितका क्वचितच दुसरीकडे येत असेल, असे मला वाटते. आत्म्याच्या मापाविषयी चुकीचे मत बाळगूनही माणूस आयुष्यभर प्रतिष्ठेने वावरू शकतो. टायरच्या मापाविषयीची चूक मात्र रस्ता फार काळ चालू देत नाही.

गोंदिया जिल्ह्यात, जो १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला, गाडीला एकाच दिवसाच्या प्रवासात कितीतरी प्रकारची भूमी भेटते. कोहमाऱ्याहून देवरीमार्गे छत्तीसगडच्या हद्दीकडे जाणारा प्रशस्त राष्ट्रीय महामार्ग, धानाच्या बांध्यांमधून गावागावांकडे वळणारे आणि पावसाळ्यात चिखलाने माखणारे रस्ते, आणि सालेकसा, देवरी या तालुक्यांतील जंगलवाटा, या सर्वांवरून एकाच गाडीला एकाच चाकांनी जावे लागते. अशा ठिकाणी गाडीच्या मालकाला मूळच्यापेक्षा थोडा मोठा टायर बसवून घेण्याचा मोह व्हावा, यात अस्वाभाविक काही नाही. मोठ्या टायरने गाडी जमिनीपासून किंचित उंच राहते, खड्ड्यातला आदळा थोडा कमी जाणवतो, आणि चारचौघांत गाडी उठून दिसते, या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतून निघणारा, मोठे ते अधिक चांगले, हा निष्कर्ष मात्र तपासून पाहण्यासारखा आहे, कारण तो केवळ टायरपुरता नाही. आमच्या घरबांधणीत, लग्नसमारंभांत, देवळांच्या कळसांत आणि आमच्या स्वतःविषयीच्या कल्पनांत तो सर्वत्र गृहीत धरलेला आढळतो.

टायरच्या कडेवर १८५/६५ आर १५ ८८ टी असा जो लेख उमटविलेला असतो तो बहुतेकांनी पाहिलेला, पण थोड्यांनीच वाचलेला असतो. १८५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या शेकडा किती, ते प्रमाण. ‘आर’ हे अक्षर आतील दोऱ्यांची रचना रेडियल असल्याची खूण. १५ म्हणजे ज्या लोखंडी किंवा मिश्रधातूच्या रिमवर तो टायर बसावयाचा तिचा इंचांतील व्यास. ८८ हा भारांक असून त्याचा अर्थ त्या एका टायरने ५६० किलोपर्यंत वजन पेलावे असा. आणि ‘टी’ म्हणजे तो भार घेऊन ताशी १९० किलोमीटरपलीकडे जाऊ नये अशी मर्यादा. हा लेख मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा एक गोष्ट मनात अधिक ठसते, ती ही की, रुंदीचा अंक सोडला तर त्यात टायरविषयी स्वतंत्रपणे सांगितलेले असे जवळजवळ काहीच नाही. एक अंक रुंदीशी असलेल्या नात्याचा, दुसरा रिमशी असलेल्या नात्याचा, तिसरा ओझ्याशी आणि शेवटचे अक्षर वेगाशी असलेल्या नात्याचे. ज्याला आपण वस्तूचे माप म्हणतो, ते बारकाईने पाहू गेल्यास तिच्या इतरांशी असलेल्या करारांचा दस्तऐवज असतो.

या दस्तऐवजातील एकच अंक बदलला तर काय घडते ते पाहावे. १८५ च्या जागी २०५ रुंदीचा, तेवढ्याच टक्क्यांच्या कडेचा आणि तेवढ्याच रिमचा टायर बसविला, तर चाकाचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटरवरून ६४७ मिलिमीटरवर जातो, म्हणजे शेकडा ४ हून किंचित अधिक वाढतो. वाढ बोटभर रुंदीची आहे. परंतु वळण घेताना टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासू लागण्याची शक्यता तेवढ्यानेही निर्माण होते. इंजिनाची ओढ तीच असून चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे चढावर गाडी जड वाटू लागते. आणि ब्रेकची पकड पूर्वीइतकीच असली तरी रस्त्यावर पोहोचणारे तिचे बळ त्या मानाने घटते. एकट्या टायरच्या बाबतीत केलेली सुधारणा, ज्यांचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता अशा अवयवांकडून आपली किंमत वसूल करते.

याहूनही गंभीर परिणाम वेगदर्शक तबकडीवर होतो, आणि माझ्या दृष्टीने या विषयाचा तात्त्विक गाभा तेथेच आहे. तबकडी जमीन मोजत नाही. ती फेऱ्या मोजते, आणि एका फेरीत किती जमीन मागे पडते हे तिला कारखान्यात एकदा सांगून ठेवलेले असते. मूळ टायरच्या एका फेरीत १.९५ मीटर अंतर कापले जात होते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५१२ फेरे होत होते. मोठ्या टायरच्या एका फेरीत २.०३ मीटर कापले जाते, फेरे ४९२ च होतात, आणि तबकडीला याची वार्ताही नसते. ती पूर्वी बिनचूक होती असे धरले, तर आता गाडी १०० किलोमीटर जाते तेव्हा ती ९६ ची नोंद करते, आणि काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ताशी साडेबासष्ट किलोमीटरने धावत असते. चालक प्रामाणिक आहे, यंत्र बिघडलेले नाही, काचेवर धूळ नाही, आणि तरीही ज्ञान मिथ्या आहे. अधिक बारकाईने तबकडी पाहून हा दोष कधीही सापडणार नाही, कारण ज्या चाकाची परीक्षा करावयाची त्याच चाकावर परीक्षकाचे पोट अवलंबून आहे.

ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानातच सिद्ध असते की बाहेरच्या पुराव्याने सिद्ध करावे लागते, या प्रश्नावर आपल्या देशात मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके वाद चालला. ज्ञान स्वतःच प्रमाण असते, असा मीमांसकांचा पक्ष; त्याचे प्रामाण्य पुढील प्रवृत्तीच्या यशावरून कळते, असा नैयायिकांचा. परंतु एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांचे ऐकमत्य होते, आणि त्या ऐकमत्याकडे वादाच्या धुमाळीत जावे तितके लक्ष जात नाही: ज्ञान चुकीचे आहे हे मात्र नेहमी बाहेरूनच कळते. मोठा टायर बसविलेल्या चालकाला त्याची चूक दाखवू शकतो तो रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड, कारण तो दगड गाडीत बसलेला नाही. जो आपल्याबरोबर चालत नाही त्याच्याकडूनच आपल्या चालीचे माप मिळते. आणि शील, व्रत, गुरुजनांचा शब्द, परंपरेने जपलेले ग्रंथ यांची धर्मजीवनातील आवश्यकता माझ्या मते याच एका कारणाने सिद्ध होते. अहंकाराविषयी आपण समजतो की, फुगलेल्या माणसाला आपण मोठे झालो असे वाटत असते. चाकाचा दाखला वेगळे सांगतो. वाढलेल्या चाकाची तबकडी कमीच वेग दाखविते. फुगलेल्या माणसालाही आपण पूर्वीच्याच संयमाने चाललो आहोत असे अगदी मनापासून वाटत असते, आणि म्हणूनच त्याचे वर्तन त्याला सांगून पटत नाही.

येथे कोणी म्हणेल की, मग प्रश्न सुटलाच. कारखानदाराने चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरचे माप आणि हवेचा दाब लिहिलेली पट्टी लावून दिलेली असते, तिचे पालन करावे म्हणजे झाले. व्यवहारापुरते हे खरे आहे आणि मी स्वतः त्या पट्टीचा पक्षपाती आहे. पण लिहिलेले माप कोठून आले याचा विचार करावयाचा तर रबरी टायरच्या मागे जाऊन बैलगाडीच्या लाकडी चाकापर्यंत पोहोचले पाहिजे.

त्या चाकाभोवतीच्या लोखंडी पट्ट्याला आपल्याकडे धाव म्हणतात. सुताराने तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून चाक उभे केले तरी ते धावेवाचून चाक होत नसे, आणि धाव बसविणे हे लोहाराचे काम असल्यामुळे, विश्वकर्म्याचे पुत्र मानलेल्या मय आणि मनू या दोघांच्याही वंशजांना त्या एका वर्तुळासाठी एकत्र यावे लागे. लोहार प्रथम चाकाचा घेर मोजी. ४.५ फूट व्यासाच्या चाकाचा घेर १४ फुटांहून थोडा अधिक भरतो. परंतु पट्टी तेवढ्याच लांबीची कापली तर ती तापवून बसविल्यावर थंड होताच ढिली राहून पहिल्याच उन्हाळ्यात, लाकूड आटले म्हणजे, निसटून जाणार हे त्याला ठाऊक असे. म्हणून तो ती बुद्धिपुरस्सर थोडी आखूड कापी, टोके जोडून कडे करी, ते गोवऱ्यांच्या आणि लाकडांच्या आगीत लाल करी, आणि चारचौघांनी सांडशांनी उचलून ते चाकावर टाकले व घणाने ठोकून बसविले की लगेच त्यावर पाणी ओतले जाई. पाचशे अंश तापलेले तेवढ्या घेराचे लोखंड जवळजवळ इंचभर वाढते आणि निवताना तेवढेच आक्रसते. त्या आक्रसण्याच्या दाबाने आरे तुंब्यात आणि पुठ्ठ्यांत घट्ट रुतून बसतात, सांध्यांतून करकर असा आवाज येतो, आणि आतापर्यंत निरनिराळ्या लाकडांचा समुदाय असलेली वस्तू एकजीव होते. पट्टी गरजेपेक्षा अधिक आखूड कापली तर तोच दाब चाक वाकवितो किंवा मोडतो.

किती आखूड, हा सगळ्या कौशल्याचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कोणत्याही पोथीत नव्हते. लाकूड तिवसाचे आहे की बाभळीचे, किती मुरलेले आहे, सांधे किती सैल आहेत, यांवरून ते प्रत्येक चाकाला निराळे येई. चीनमधील च्वांगत्झूच्या ग्रंथात एक वृद्ध चाककारागीर राजाला सांगतो की, छिन्नीचा घाव फार मंद किंवा फार जलद न पडता अचूक कसा पडावा हे माझ्या हाताला कळते, पण ते मला माझ्या मुलालाही शिकविता येत नाही. आणि म्हणून आपण वाचता आहात ते ग्रंथ मृतांचा चोथा आहेत, असे तो पुढे म्हणतो. त्याचा पूर्वार्ध मी मानतो, उत्तरार्ध मानत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा पाचवा अध्याय आहाराच्या मात्रेविषयीच आहे, आणि तेथे मात्रा ही खाणाऱ्याच्या अग्निबलावर अवलंबून असते असे सांगितले आहे. ॲरिस्टॉटलनेही, मायलो या मल्लाला जे अन्न थोडे तेच व्यायाम नुकताच सुरू करणाऱ्याला अति होईल, असा दाखला देऊन नीतीतील मध्य हा अंकगणिती मध्य नव्हे असे स्पष्ट केले. हे दोन्ही ग्रंथ मृतांचे असले तरी त्यांनी हाताला शहाणे होण्याची मोकळीक ठेवलेली आहे, आणि शास्त्राने याहून अधिक काय करावे?

मापाला आणखी एक बाजू असते, ती शेजाऱ्यांची. पावसाने भिजलेल्या मातीत गाड्यांच्या जाण्यायेण्याने ज्या चाकोऱ्या पडतात, त्यांच्याशी ज्या गाडीच्या दोन चाकांतील अंतर जुळत नाही ती कितीही उत्तम बांधणीची असली तरी कलंडते. गोंदियाकरांना याचा मोठ्या प्रमाणावरचा अनुभव रेल्वेने दिलेला आहे. नागपूरहून राजनांदगावकडे गेलेला छत्तीसगड रेल्वेचा पहिला लोहमार्ग मीटर गेजचा होता, तो १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने रुंद केला. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातपुड्यातून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारा जो फाटा गोंदियापासून निघाला तो ७६२ मिलिमीटरचा अरुंद होता. डोंगरातील वळणांना आणि तिजोरीला तेच माप योग्य होते. परंतु १६७६ मिलिमीटरच्या मुख्य मार्गाशी गोंदिया जंक्शनवर त्याची गाठ पडली की प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे, आणि त्या हमालीचा भार शेवटी मालाच्या धन्यावर पडे. स्वतःच्या जागी निर्दोष असलेले मापही जगाशी व्यवहार करताना अपुरे पडू शकते. आता तो मार्गही रुंद झाला आहे.

इथपर्यंत आल्यावर एका आक्षेपाला तोंड दिल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ज्याचे त्याचे माप ठरलेले आहे, त्याने त्यापेक्षा मोठे होऊ पाहू नये, हा युक्तिवाद या देशात टायरांविषयी नव्हे तर माणसांविषयी केला गेला, आणि स्वधर्म या उदात्त शब्दाच्या आश्रयाने तो कोट्यवधी लोकांच्या मानेवर जू म्हणून ठेवला गेला. ज्या विजयादशमीला आमच्या जिल्ह्यातील घरोघरी गाड्या धुऊन, त्यांना झेंडूच्या माळा घालून, चाकांना हळदकुंकू लावून त्यांची पूजा होते, त्याच विजयादशमीला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्या घटनेला धम्मचक्राचे प्रवर्तन असे नाव आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९५४ मध्ये, त्यांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती आणि ते पराभूत झाले होते. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. आजही त्या दिवशी गोंदियाहून नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या दीक्षाभूमीला निघालेल्या कुटुंबांनी भरून जातात. एका सणाच्या दिवशी एका घरात चाकाला वंदन होते आणि शेजारच्या घरात एका चाकाच्या पुन्हा फिरू लागण्याचे स्मरण होते, हे ज्याला जाणवत नाही त्याने मापाविषयी लिहू नये.

आक्षेपाचे माझे उत्तर असे आहे. टायर हा रिमसाठी घडविला गेला, याची लेखी कबुली त्याच्या कर्त्याने त्याच्या अंगावरच दिलेली असते, आणि तिची सत्यता भार घालून कोणालाही पडताळता येते. अमुक माणूस अमुक कामासाठी घडविला गेला, या विधानाला असा कोणताही शिक्कामोर्तब केलेला कागद नाही. जो दाखविला जातो तो लाभार्थ्यांनीच तयार केलेला आहे. शिवाय लोहाराची रीत या युक्तिवादाच्या नेमकी उलट होती. धाव कापताना तो चाकाची वंशावळ विचारीत नसे, या चाकाच्या आज्याला केवढी धाव होती याची चौकशी करीत नसे. तो समोरच्या चाकाचा घेर मोजी, प्रत्येक चाकाचा नव्याने. जन्मावरून माप देणे म्हणजे न मोजता पट्टी कापणे होय. त्या न मोजण्याने चाके मोडली, आणि पिढ्यान्पिढ्या मोडली. दोष चाकांना दिला गेला.

मग माणसाचे माप कशाने ठरावे, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत समाधानकारक उत्तर अंगुत्तरनिकाय या बौद्ध ग्रंथाच्या तिकनिपातातील एका कथेत आहे, आणि ती कथा एका चाककारागिराचीच आहे. पचेतन नावाच्या राजाने आपल्या रथकाराला सहा महिन्यांनी युद्ध होणार असल्याचे सांगून चाकांची एक जोडी करावयास सांगितले. सहा महिने पुरे होण्यास सहा दिवस उरले तेव्हा त्याचे एकच चाक तयार झाले होते. दुसरे त्याने उरलेल्या सहा दिवसांत केले. राजाला दोन्ही चाकांत कोणताही भेद दिसेना. तेव्हा रथकाराने ती जमिनीवर सोडून दाखविली. सहा दिवसांत केलेले चाक दिलेली गती संपेपर्यंत गेले, मग भेलकांडून पडले. आधी तयार झालेले चाकही गती संपेपर्यंत गेले आणि मग आसात बसविल्यासारखे उभे राहिले. पडलेल्या चाकाच्या पुठ्ठ्यांत, आऱ्यांत आणि तुंब्यात वाकडेपणा राहून गेला होता. बुद्धांनी ही कथा वाराणसीजवळ इसिपतनात, म्हणजे ज्या ठिकाणी त्यांनी धम्मचक्र प्रथम फिरविले तेथेच, भिक्षूंना सांगितली, आणि पुढे म्हटले की, तो रथकार पूर्वजन्मी मीच होतो. तेव्हा लाकडाचे वाकडेपण मला कळत होते, आता काया, वाचा आणि मन यांचे कळते.

या कथेत चाक लहान की मोठे, हा प्रश्न कोठेही येत नाही, आणि ही गोष्ट मला अत्यंत महत्त्वाची वाटते. गती असेपर्यंत दोन्ही चाके सारखीच धावतात. ढकलणाऱ्याचे बळ संपले की कोणते उभे राहते, एवढीच कसोटी. माणसाच्या बाबतीत हे बळ पैशाचे, अधिकाराचे, तारुण्याचे किंवा कुळाच्या नावाचे असू शकते, आणि ते चालू असताना त्याला स्वतःचा वाकडेपणा कळण्याचा काहीच मार्ग नसतो. राजाच्या डोळ्यांनाही तो दिसला नव्हता. पण या कसोटीत जन्माला जागा नाही. त्याच एका कारागिराच्या हातून, एकाच राजाच्या हुकमाने दोन्ही चाके घडली होती. फरक लागलेल्या वेळाचा आणि घेतलेल्या काळजीचा होता, आणि वेळ व काळजी या गोष्टी कोणालाही, कोणत्याही कुळात, देता येतात.

माघी पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांपाशी गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, आणि मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून भाविक तेथे येतात. त्यांतील पुष्कळ जण पाच माणसांच्या गाडीत सात-आठ जण बसवून, वर सामान बांधून, जंगलातील वळणांवरून देवाच्या भेटीला निघालेले असतात. अशा प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला माझी कळकळीची विनंती आहे की, त्याने निघण्यापूर्वी टायरवरचा भारांक एकदा वाचावा आणि दाराच्या चौकटीवरील पट्टीशी तो व हवेचा दाब ताडून पाहावा. टायर बदललेला असेल तर महामार्गावर किलोमीटरच्या दहा दगडांचे अंतर तबकडीच्या आकड्याशी जुळते की नाही हे तपासावे. आणि जुळत नसेल तर, दुकानदार काहीही म्हणो, मूळ मापाचा टायर परत बसवून घ्यावा. गाडीत बसलेल्या मुलांना या निर्णयात मत विचारलेले नसते.